बाबांच्या एलपी: सुटकेसवाला प्लेअर बदलू का?

प्रभातफेरी:
बाबांच्या मागे १४० एलपी आणि तीसेक लाखेच्या (जुन्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) रेकॉर्ड माझ्याकडे आल्या. दोन वर्षं सुटकेसवाल्या प्लेअरवर ऐकतोय. परवा किशोरीताईंचा भूप लावला. सुरुवात झकास, पण सुई लेबलाजवळ गेली की प्रत्येक ‘स’ फाटतो. मध्येच उडीही मारायची, म्हणून बाबा करायचे तसं आर्मवर चार आण्याचं नाणं ठेवलंय. उडी थांबली. आता नवा टर्नटेबल घेऊ की नुसती सुई बदलू? बजेट तीस-पस्तीस हजार. कव्हरांवर बाबांनी पेन्सिलने खरेदीची तारीख लिहिलीय, त्यामुळे खराब झाली तर दुसरी आणू असं म्हणवत नाही.

वाकडी_सुई:
आधी ते नाणं काढा, मग पुढचं वाचा! असल्या प्लेअरची सिरॅमिक कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) मुळातच रेकॉर्डवर पाच-सहा ग्रॅम भार टाकते. स्टीलचे चार आणे जवळजवळ तीन ग्रॅमचे. दोन ग्रॅमवर भागतं तिथे तुम्ही आठ-नऊ ठेवताय.

‘स’चं म्हणाल तर फेरे तेवढेच, पण आत वर्तुळ लहान. सुईखालून खाच बाहेरच्या निम्म्याहून कमी वेगाने सरकते, त्यामुळे ‘स’सारखे बारीक आवाज तिथे दाटीवाटीने कोरलेले असतात. आणि आपल्या गाण्यात द्रुत नि ताना नेमक्या तिथेच येतात!

मी ऑडिओ-टेक्निकाचा एलपी१२०एक्स हा टर्नटेबल वापरतो. आर्मच्या मागचं वजन फिरवून भार दोन ग्रॅमवर आणता येतो. झालेली झीज मात्र भरून येणार नाही, हे आधीच सांगतो.

लाखमोलाचा:
लाखेच्या रेकॉर्ड एलपीच्या सुईने लावू नका. त्यांची खाच एलपीच्या साधारण तिप्पट रुंद, बारीक सुई तळाशी घासत जाते नि नुसती खरखर येते. १२०एक्सच्या कार्ट्रिजला व्हीएमएन९५एसपी ही ७८ची सुई बसते. तिला भार पाच ग्रॅम, एलपीकडे परतताना पुन्हा दोन. मी एकदा विसरलोय.

आणि लाखेला स्पिरिट नाही म्हणजे नाही. कापूस काळा झाला तेव्हा मला कळलं की धूळ नव्हे, रेकॉर्डच निघून येतेय.

प्रभातफेरी:
नाणं काढलं. भूप परत उड्या मारतोय, तूर्त पाकिटात ठेवलाय. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला मागे ‘फोनो’ लिहिलेलं भोक आहे, तिथेच जोडायचं ना?

वाकडी_सुई:
हो. फक्त टर्नटेबलच्या मागचं बटणही ‘फोनो’वर ठेवा. ‘लाइन’वर राहिलं तर सिग्नल दोनदा वाढवला जाऊन आवाज फुटेल.