मदत हवी आहे : मैत्रिणीला निम्मा हिस्सा तोंडी कबूल केला आहे, आता तो विषय पुन्हा कसा काढावा?

नमस्कार.

गेले अकरा महिने मी नोकरी सांभाळून एक सॉफ्टवेअर तयार करत आहे. प्रयोगशाळेतल्या कोणत्या उपकरणाचे कॅलिब्रेशन (ते अचूक मोजते ना, याची पडताळणी) कधी झाले, पुढचे कधी करायचे आणि त्याचे प्रमाणपत्र कुठे आहे, या नोंदी अनेक ठिकाणी अजूनही वहीत किंवा एक्सेलमध्ये असतात आणि ऐन तपासणीच्या वेळी सापडत नाहीत. ती अडचण या सॉफ्टवेअरने दूर होते. सध्या तीन प्रयोगशाळा ते वापरतात व त्यांपैकी एक त्यासाठी पैसे मोजते. कंपनीची नोंदणी करण्यापूर्वी सहसंस्थापक कोण, हे ठरवणे भाग आहे आणि नेमकी तिथेच मी अडले आहे.

ही कल्पना मी सर्वांत आधी ज्या मैत्रिणीला सांगितली, ती माझ्यासारखीच प्रोग्रामर आहे. आमची ओळख चौदा वर्षांची. "जे काही होईल ते दोघींचे निम्मे-निम्मे," असे मी त्याच दिवशी म्हणाले आणि ते मनापासून म्हणाले. पहिले तीन महिने तिने झटून काम केले. डेटाबेसची सगळी रचना तिची आहे आणि ती इतकी विचारपूर्वक केलेली आहे की आजवर तीत मोठा बदल करावा लागलेला नाही. पुढे तिच्या घरच्या जबाबदाऱ्या वाढल्या. आता ती आठवड्याला तीन-चार तास देऊ शकते. मी तिला दोष देत नाही. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केले असते.

दरम्यान माझ्या पूर्वीच्या कार्यालयातले एक सहकारी या कामात आले. ते विक्री विभागातले. पैसे देणारा ग्राहक त्यांनीच मिळवला आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आम्ही हौसेने बनवलेले दोन अहवाल कोणीही उघडून पाहत नाही, हे त्यांनी प्रयोगशाळांत तासन् तास बसून शोधून काढले. सहसंस्थापक म्हणून घेतल्यास सहा महिन्यांत नोकरी सोडण्याची त्यांची तयारी आहे. मात्र मी त्यांना जेमतेम आठ महिने ओळखते. पैशांची ओढाताण झाली किंवा मोठा ग्राहक हातचा गेला, तर ते कसे वागतील, हे मला सांगता येणार नाही. मैत्रिणीबद्दल ते मी आज सांगू शकते.

इतरांनी काय केले, तेही वाचले. मायक्रोसॉफ्टमध्ये पॉल ॲलन यांना निम्म्या हिश्श्याची अपेक्षा होती, परंतु बिल गेट्स यांनी आधी ६०-४० आणि नंतर ६४-३६ अशी विभागणी मागितली व ॲलन यांनी ती स्वीकारली. शाळेपासूनच्या मित्रांमध्येही हे बोलणे होऊ शकते, याने मला थोडा धीर आला. ॲपलचे तिसरे भागीदार रोनाल्ड वेन यांनी १९७६ मध्ये आपला १० टक्के हिस्सा अवघ्या १२ दिवसांत ८०० डॉलरला सोडला. गमावलेल्या संपत्तीची गोष्ट म्हणून लोक ती सांगतात, पण भागीदारीचे कर्ज अंगावर आले असते तर जप्त होण्याजोगी मालमत्ता तिघांपैकी त्यांच्याकडेच होती. जोखीम पेलण्याची ताकद प्रत्येकाची वेगळी असते आणि आम्ही तिघांनी एकमेकांना त्याबद्दल अजून काहीच विचारलेले नाही.

माझा पहिला प्रश्न असा, की दिलेला शब्द न मोडता हिश्श्याचा विषय मैत्रिणीकडे पुन्हा काढता येईल का. दुसरा प्रश्न असा, की सहकाऱ्यांना कायमचे बांधून घेण्याआधी त्यांची पारख कशी करावी. ज्यांनी हे स्वतः अनुभवले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद :

मी यातून दोनदा गेलो आहे, म्हणून थोडे स्पष्ट लिहितो. मैत्रिणीकडे टक्केवारी घेऊन जाऊ नका. येत्या दोन वर्षांत या कामाला तिच्या आयुष्यात किती जागा आहे, एवढेच आधी विचारा आणि पूर्ण उत्तर ऐका. तीन-चार तासांत निम्म्या मालकीचे ओझे तिलाही जड होत असेल, अशी दाट शक्यता आहे.

हिस्सा कोणालाही एकदम देऊ नका. चार वर्षांचे व्हेस्टिंग (हिस्सा काम केलेल्या काळाच्या प्रमाणात हळूहळू मिळणे) आणि एका वर्षाचा क्लिफ (पहिले वर्ष पूर्ण होईपर्यंत काहीच न मिळणे) ही रूढ पद्धत आहे. समजा, एखाद्याला २४ टक्के ठरले आणि तो अठरा महिन्यांनी गेला, तर त्याच्याकडे ९ टक्के राहतात. वर्षाच्या आत गेला तर काहीच राहत नाही. हा नियम तुम्ही स्वतःलाही लावून घ्या, म्हणजे तो अविश्वास वाटणार नाही.

सहकाऱ्यांसोबत दोन महिन्यांचे एखादे अवघड काम ठरवा, ज्यात नकार पचवावा लागेल आणि तुमचे मतभेद होतील. भांडण झाल्यावर दुसऱ्या दिवशी ते काय करतात, ते पाहा. आणि एक गोष्ट तातडीची आहे : मैत्रिणीने लिहिलेल्या कोडचे हक्क कंपनीच्या नावे लेखी करून घ्या, आणि नोकरीत असताना केलेल्या कामावर मालक हक्क सांगू शकतो का, हे तिघांनीही आपापल्या करारात वाचून वकिलाकडून तपासून घ्या.

मूळ प्रश्नकर्तीचे उत्तर :

मनःपूर्वक आभार. नोकरीच्या कराराचा विचार मी केलाच नव्हता; तो आज रात्रीच वाचते. मैत्रिणीला रविवारी भेटणार आहे. तिच्या त्या तीन महिन्यांच्या कामाचे समभाग तिला व्हेस्टिंगविना, एकरकमी द्यावेत असे मला वाटते, कारण ते काम तिने आधीच पूर्ण केले आहे. यात पुढे काही अडचण येते का, हे कृपया सांगावे.