'पुनर्जन्म' म्हणावं का? 'हाइबाने रेनमेई'साठी मराठी शब्द हवेत

करडी चिमणी

माझी आई, माझी भाची आणि मी अशा तिघी मिळून सध्या 'हाइबाने रेनमेई' बघतो आहोत. २००२ साली आलेली १३ भागांची जपानी अॅनिमे मालिका, कथा योशितोशी आबे यांची. संवाद जपानी, खाली इंग्रजी अक्षरं. आईला ती पळती अक्षरं वाचवत नाहीत, म्हणून मी शेजारी बसून मराठीत सांगत जाते. त्यामुळे दर दोन मिनिटांनी एखादा शब्द अडतो. (पुढे शेवट उघड होईल. मालिका बघायची असेल त्यांनी आधी बघून घ्या.)

सुरुवातीलाच एक मुलगी आकाशातून खाली पडत असते. एक कावळा तिच्या कपड्याचं टोक चोचीत धरून तिला वर ओढू बघतो, पण त्याला ते झेपत नाही. मग ती जागी होते ती एका भल्यामोठ्या कोशात, पाण्यात. कोश फोडून बाहेर येते तेव्हा तिला आधीचं काहीही आठवत नाही, स्वतःचं नावसुद्धा नाही. स्वप्नात पडत होती म्हणून तिचं नाव ठेवतात राक्का, म्हणजे 'पडणं'. तिच्या डोक्यावर साच्यात ओतलेलं प्रभामंडळ ठेवतात, तर ते अधांतरी राहीना, सारखं घसरतं, म्हणून तारेनं बांधतात. रात्री तिला ताप भरतो आणि पाठीची कातडी फोडून पंख बाहेर येतात, रक्तानं माखलेले. रेकी नावाची मोठी मुलगी रात्रभर बसून एकेक पीस पुसून काढते.

इथं आईनं विचारलं, "म्हणजे ही मेलेली मुलं का गं?" भाची म्हणाली, "आज्जी, त्यांचा पुनर्जन्म झालाय." आणि माझ्या तोंडून 'हो' निघेना. मालिका तसं कुठेच सांगत नाही. भिंतीनं वेढलेलं एक गाव आहे. भिंतीपलीकडे जायला मनाई. गावात साधी माणसंही राहतात आणि हे करड्या पंखांचे लोकही, म्हणजे 'हाइबाने'. हे कुठून आले ते कोणालाच माहीत नाही. याला 'पुनर्जन्म' म्हणणं बरोबर आहे का? नसेल तर काय म्हणावं?

जुनी वही

माझ्या मते नाही. 'पुनर्जन्म' हा शब्द आपल्याकडे एकटा येत नाही, मागचापुढचा सगळा हिशेब बरोबर घेऊन येतो. गेल्या जन्मीचं देणं, पूर्वजन्मीचं संचित, पुढच्या जन्मी तरी सुख लाभो. 'पुनः' म्हणायचं तर आधीचं कोणाला तरी ठाऊक असावं लागतं. तुमच्या राक्काला ते ठाऊक नाही आणि तिच्या आसपास कोणालाही नाही. शिवाय पुनर्जन्म म्हटला की गर्भवास आला, आईबाप आले, तान्हं मूल आलं. ही मुलगी कोशातून चांगली मोठी होऊन बाहेर येते आहे.

'परलोक'ही चालणार नाही. परलोकवासी झालेला माणूस तिथला रहिवासी होतो. तुमच्या गोष्टीतली मुलं तिथं कायमची राहतात का?

करडी चिमणी

नाही राहत. एक दिवस त्यातलं कोणीतरी अचानक निघून जातं. सहाव्या भागात कू ही राक्काच्या मैत्रिणींतली सगळ्यांत लहान दिसणारी मुलगी जाते. जंगलात प्रकाशाचा एक झोत उठतो आणि मागे तिचं विझलेलं प्रभामंडळ तेवढं पडलेलं असतं. या निघून जाण्याला काय म्हणावं त्या शब्दाकडे मी येणारच आहे, तो सगळ्यांत अवघड आहे.

जपानी शिकणारा

मूळ जपानीत काय म्हणतात ते सांगतो. कोशातून बाहेर येण्याला ते 'उमारेरु' म्हणतात, म्हणजे नुसतं 'जन्मणं'. त्यात 'पुन्हा' नाही. 'पुन्हा' म्हणायचं असतं तर जपानीत शब्दांना तोटा नव्हता. 'उमारेकावारी' आहे, म्हणजे जन्म बदलून येणं. 'तेन्सेई' आहे, जो हल्लीच्या 'दुसऱ्या जगात जाऊन पडलेला नायक' छापाच्या मालिकांमुळे आपल्या मुलांच्याही तोंडी बसलाय. भाचीच्या डोक्यात बहुतेक तोच असणार.

आणि 'रिन्ने' आहे. हा शब्द मराठी माणसानं जरूर बघावा. चाकासारखं फिरत राहणं असा त्याचा अर्थ, आणि चिनी भिक्षूंनी तो आपल्या 'संसार' शब्दासाठी घडवला. तिकडे जाऊन तो जन्ममरणाचं चक्र होऊन राहिला. आपल्याकडे त्याच 'संसारा'त भांडीकुंडी आली, 'त्यांनी संसार थाटला' आलं. त्यामुळे रिन्नेचं भाषांतर करताना हक्काचा शब्द आपल्याला वापरताच येत नाही. 'राक्का संसारात अडकली' म्हटलं तर ऐकणारा म्हणेल, लग्न कधी झालं? 'जन्ममरणाचा फेरा' म्हणावं लागतं.

जुनी वही

फार सुरेख. 'फेरा' हा शब्द मला 'चक्रा'पेक्षा जवळचा वाटतो. फेऱ्यात माणूस चालून दमतो.

जपानी शिकणारा

दोन जन्मांच्या मधल्या अवस्थेलाही शब्द आहे. संस्कृतात 'अंतराभव', जपानीत 'चूइन' किंवा 'चूऊ'. जपानी बौद्ध घरांत मृत्यूनंतर ४९ दिवस हा काळ पाळतात, दर सातव्या दिवशी विधी असतो. बौद्ध आचार्य वसुबंधूच्या 'अभिधर्मकोश' या ग्रंथात अंतराभवाची सविस्तर चर्चा आहे. उलट थेरवादी ही बौद्धांचीच दुसरी परंपरा असं मधलं काही मानत नाही. बरेच प्रेक्षक गुरी हे गाव म्हणजे ही मधली अवस्था असं मानतात. मलाही ते पटतं, पण पात्रांच्या तोंडी तो शब्द घालू नये. गोष्ट वाचणाऱ्यानं मागाहून काढलेला तो अर्थ आहे.

कृष्णाकाठ

मी ही मालिका कॉलेजात असताना पाहिली होती. तो कावळा दिसला आणि माझ्या अंगावर काटाच आला. आजोबांच्या दहाव्याला घाटावर पाऊण तास कावळा पिंडाला शिवेना. सगळे लांब उभे. शेवटी काका पुढे झाले आणि हात जोडून म्हणाले, "आण्णा, धाकटीच्या शिक्षणाचं मी बघतो, काळजी करू नका." तेव्हा कुठं कावळा उतरला. त्यामुळे राक्काच्या स्वप्नातला कावळा मला लगेच ओळखीचा वाटला. 'अतृप्त आत्मा' असा काही शब्द बसेल का?

करडी चिमणी

आईलाही अगदी हेच आठवलं. पण मला वाटतं, इथं आपण थांबलं पाहिजे. घाटावरचा कावळा शिवतो तो गेलेल्याचं काही अडलेलं नाही हे सांगायला. राक्काचा कावळा उलट तिला जाऊ देत नाही, तिला धरून ठेवायला बघतो. आठव्या भागात तिला कोरड्या विहिरीच्या तळाशी एका पक्ष्याची हाडं सापडतात आणि उमगतं की आपल्याला कोणीतरी वाचवू बघत होतं, आपण एकटे नव्हतो. ती माती उकरून त्याला पुरते. आपला कावळा तिथं नेऊन बसवला तर तिला मिळालेली ही एवढी गोष्टच पुसली जाईल. म्हणून 'अतृप्त आत्मा' नको. तो शब्द भुताच्या गोष्टीतला होतो.

आता दुसरा शब्द. राक्काच्या पंखांवर काळे डाग उठतात. असं होणाऱ्याला मालिकेत 'त्सुमित्सुकी' म्हणतात. रेकी जन्मतःच तशी आहे, आणि तिनं वर्षानुवर्षं औषध लावून डाग लपवलेत. इंग्रजीत 'पापानं बांधलेला' अशा अर्थाचा शब्द आहे. त्यावरून मी 'पापबद्ध' म्हणून पाहिलं. आई म्हणाली, "हे काय कीर्तन आहे का?"

जपानी शिकणारा

'त्सुमी' म्हणजे पापही आणि गुन्हाही. आपण देवाघरचं आणि कोर्टातलं वेगळं ठेवतो, जपानी एकाच शब्दात दोन्ही बसवतात. पण खरी गंमत 'त्सुकी'त आहे. तिथं बांधणं नाही, अंगात शिरणं आहे. 'कित्सुने-त्सुकी' म्हणजे कोल्ह्यानं झपाटलेला माणूस. त्याच धर्तीवर हा पापानं झपाटलेला.

कृष्णाकाठ

मग 'बाधा' म्हणा की! पापाची बाधा. आमच्याकडे 'तिला बाधा झालीय' म्हटलं की त्यात तिचा दोष धरत नाहीत. काहीतरी लागलंय, ते उतरवायचं, एवढंच.

जुनी वही

'बाधा' चोख आहे, आणि एका कारणासाठी फारच चोख आहे. बाधा आपली आपल्याला उतरवता येत नाही. दृष्टसुद्धा स्वतःची स्वतः काढत नाहीत. मीठमोहऱ्या ओवाळायला दुसरा हात लागतो. 'पापी' म्हटलं की माणूस एकटा पडतो, 'बाधा' म्हटलं की घरातलं कोणीतरी धावत येतं.

करडी चिमणी

वाचून किती तरी वेळ गप्प बसून राहिले. कारण नवव्या भागात राक्काला नेमकं हेच कोडं घालतात. 'जो आपलं पाप ओळखतो त्याला पाप नाही. मग तू पापी आहेस का?' पापी आहे म्हणावं, तर ओळखलं म्हणून पाप सुटतं. नाही म्हणावं, तर ओळखलंच नाही म्हणून परत पापी. याला ते पापाचं वर्तुळ म्हणतात आणि त्यातून एकट्यानं बाहेर पडता येत नाही. बाहेरून कोणीतरी हात द्यावा लागतो. 'बाधा' या एका शब्दात ते सगळं आधीच आहे. ठरलं, पापाची बाधा.

'हाइबाने'चंही सांगते. 'हाइ' म्हणजे राख, 'हाने' म्हणजे पंख आणि पीसही. मी 'राखपंखी' म्हणते आहे. 'करडे' म्हटलं तर नुसता रंग राहतो. राखेत जळून गेलेल्या कशाची तरी खूण आहे, आणि तीसुद्धा मालिका बोलून दाखवत नाही, तशीच राहू देते.

आता तो अवघड शब्द. निघून जाण्याच्या दिवसाला 'सुदाचीचा दिवस' म्हणतात. इंग्रजीवरून 'उड्डाणाचा दिवस' होतो, पण तो विमानतळावरचा वाटतो.

जपानी शिकणारा

सुदाची म्हणजे पिल्लानं घरटं सोडणं. शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलांबद्दलही हाच शब्द वापरतात. मृत्यूशी त्याचा थेट संबंध नाही. मेलेल्याला शांती मिळण्यासाठी जपानीत 'जोबुत्सु' आहे, शब्दशः 'बुद्ध होणं', आपलं 'सुटला बिचारा' म्हणतो त्या अर्थी. २०१० च्या 'एंजल बीट्स' या अॅनिमे मालिकेत मेलेल्या मुलांची शाळा आहे आणि तिथं सगळं उघडच सांगितलेलं आहे. तिच्यासाठी 'मुक्ती', 'सद्गती' काहीही चालेल. आबे यांनी मात्र पिल्लांचा शब्द घेतला.

जुनी वही

'मार्गी लागणे' चालेल का? मुलं मार्गी लागली, रखडलेलं काम मार्गी लागलं. रोजचा शब्द आहे आणि त्यात कुठे जायचं ते सांगावं लागत नाही.

कृष्णाकाठ

त्यात पाखरू नाही ना पण. 'पंख फुटले' आपण म्हणतोच की, पोरं शहाणी झाली की. मग पुढचं 'घरटं सोडलं'. कूनं घरटं सोडलं. लहान पोरालाही कळेल, आणि रडूही येईल.

करडी चिमणी

'घरटं सोडायचा दिवस' घेतला. काल आईला तसं सांगितलं, तर तिनं काही विचारलं नाही, नुसती मान हलवली.

एक प्रश्न नावांचा. रेकीचं नाव 'बारीक दगड' या अर्थाचं आहे. स्वप्नात ती चांदण्यात खडीच्या वाटेनं चालत होती, म्हणून. शेवटी तिला खरं नाव कळतं, उच्चार तोच, अक्षर वेगळं. हे मराठीत कसं सांगू?

जपानी शिकणारा

दोन्ही अक्षरांचा उजवा अर्धा भाग सारखा आहे. पहिल्यात डावीकडे 'दगड' आहे, दुसऱ्यात 'गाडी'. दुसऱ्याचा अर्थ चाकाखाली चिरडणं. ती खडी रुळांमधली होती, एवढं एका अक्षरात कळतं. राक्काचं उलट आहे. 'पडणं' जाऊन तिथं 'गुंतलेलं फळ' येतं, आणि त्यातलं 'फळ' हे 'इंगा', म्हणजे कर्म आणि त्याचं फळ, या शब्दातलंच अक्षर आहे. मराठीत ही किमया होणार नाही. व्हिडिओ थांबवून दोन्ही अक्षरं कागदावर काढून दाखवा, आज्जींना पटकन दिसेल.

करडी चिमणी

तसंच केलं. वहीच्या पानावर दोन्ही अक्षरं मोठी काढली. आईनं चष्मा लावून बघितलं आणि 'गाडी'वर बोट ठेवलं. "हिनं जीव दिला होता," ती म्हणाली. 'आत्महत्या' हा शब्द तिनं वापरला नाही, मीही वापरला नाही. मालिकाही वापरत नाही.

मग शेवटच्या भागातला तो प्रसंग. रेकी रुळावर उभी आहे, गाडी येते आहे. सगळ्यांना सांभाळणारी ही मुलगी, पण स्वतःसाठी तिनं कधी कोणाला हाक मारलेली नाही. ती म्हणते, "राक्का, तासुकेते." इंग्रजी ओळीवरून 'मला मदत कर' होतं, पण ते जड सामान उचलताना म्हणतात. 'मला सोडव' मनात आलं, बाधेशी ते जुळतंही. पण तेवढ्यात गाडी जवळ आली होती आणि तोंडातून निघालं ते "मला वाचव."

आईनं माझा हात धरला. "उशीर तर नाही ना झाला?" तोवर राक्का धावत सुटली होती.