उत्तर: बंद केलेल्या सर्व्हरचंही बिल येतं
"तासाच्या हिशोबाने पैसे, काम झालं की बंद करायचं, मग कुणाचाही क्लाउड घ्या, काय फरक पडतो?" असं क्लाउडबद्दल, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने घ्यायच्या सर्व्हरबद्दल, एकाने लिहिलंय, ते मला अर्धंच पटलं. 'बंद' या शब्दाचा अर्थ प्रत्येक कंपनीकडे वेगळा आहे. डिजिटलओशनवर ड्रॉपलेट (तिथला भाड्याचा सर्व्हर) नुसता पॉवर ऑफ केला तर पूर्ण भाडं चालूच राहतं, डिलीट केल्यावरच थांबतं. एडब्ल्यूएसवर, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडवर, ईसीटू (तिथलं भाड्याचं मशीन) स्टॉप केलं की मशीनचे पैसे थांबतात, पण डिस्कचे चालू. शिवाय १ फेब्रुवारी २०२४ पासून तिथे पब्लिक आयपीव्ही४ पत्त्याला (इंटरनेटवरून सर्व्हर गाठायचा नंबर) तासाला ०.००५ डॉलर लागतात, वापरात असो वा नसो. महिन्याचे झाले ३.६५ डॉलर. छोट्या टेस्टिंगला तेवढ्यात कधीकधी अख्खं मशीन येतं!

मी हे पैसे मोजून शिकलो. केळीचे रोजचे भाव दाखवणारं एक पान चाचणीसाठी टाकलं होतं, बघणारे आम्ही चौघं. आखाजीला रावेरकडे गावी जाताना सर्व्हर बंद केला आणि निर्धास्त झालो. तिथे मळ्यात विहिरीच्या काठावर उभं राहिलं तरच रेंज येते, म्हणून बजेट अलर्टचा, म्हणजे खर्च ठरवलेल्या मर्यादेपर्यंत गेल्याचा, मेल चार दिवसांनी दिसला. आणि अलर्ट नुसता कळवतो हो, मीटर थांबवत नाही. आता मी आधी पैसे भरून वापरायचं खातं ठेवलंय, आणि चाचणी संपली की स्नॅपशॉटसकट (डिस्कच्या साठवलेल्या प्रती) सगळं उडवतो.