नंदुरबार शाखेचा डीएनएस (नावावरून आयपी पत्ता सांगणारा सर्व्हर) जुनाच पत्ता देतोय, मदत हवी आहे

तापीकाठ:
बाइंड या डीएनएस सॉफ्टवेअरचा प्रायमरी (मूळ नोंदी ठेवणारा सर्व्हर) जळगावच्या मुख्य कार्यालयात. धुळे, शिरपूर, नंदुरबारला सेकंडरी (त्याची प्रत ठेवणारे). बिलिंग सर्व्हरचा आयपी बदलला, सिरियल (नोंदींचा आवृत्ती क्रमांक) वाढवून झोन (आमच्या नावांच्या नोंदींचा संच) रीलोड केला. धुळे-शिरपूरला नवा पत्ता लगेच पोचला, नंदुरबार जुनाच देतोय. तिथल्या लॉगमध्ये नोटिफाय (बदल झाल्याची प्रायमरीची सूचना) आलेला दिसतो. सेकंदांत रिफ्रेश (सेकंडरीने बदल तपासायचा काळ) ८६४००, रिट्राय (तपासणी फसल्यास पुन्हा) ७२००, एक्स्पायर (प्रत बाद व्हायचा काळ) ६०४८००. कुठे बघू?

सातपुडा:
भाऊ, आधी दोन्हीकडचा एसओए (झोनची सिरियल असलेली नोंद) डिग या कमांडने काढून सिरियल ताडून बघा. सारखा असेल तर झोन पोचलाय, दोष पीसीच्या कॅशचा (साठवलेल्या जुन्या उत्तरांचा). आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस द्या. नंदुरबारचा मोठा असेल तर कधीतरी कोणीतरी सिरियलच्या सुरुवातीच्या वर्षात २०२५ च्या जागी २०५२ टाइप केलंय, आणि सेकंडरी लहान सिरियल घेतच नाही. तिथे आरएनडीसी रीट्रान्सफर ही बाइंडची कमांड चालवा, ते सिरियल न बघता झोन ओढतं. लहान असेल तर ट्रान्सफर अडतंय. मग नंदुरबारच्या सर्व्हरवरून जळगावला तोच डिग +टीसीपी (आधी जोडणी करून डेटा पाठवायची पद्धत) लावून करा.

तापीकाठ:
सिरियल लहान आहे. साधा डिग चालतो, +टीसीपी टाइमआउट होतो.

सातपुडा:
सापडलं. नोटिफाय आणि सिरियलची चौकशी यूडीपी (जोडणी न करता छोटे संदेश पाठवायची पद्धत) पोर्ट ५३ वर होते, झोन मात्र टीसीपी ५३ वरून येतो. म्हणून नंदुरबारला बदल कळतो, पण हाती येत नाही. दोन्ही टोकांच्या फायरवॉलवर नंदुरबारकडून जळगावकडे टीसीपी ५३ उघडा आणि रीट्रान्सफर द्या. हे आजच करा. आपली प्रत ताजी असल्याची नंदुरबारची शेवटची खात्री होऊन सात दिवस उलटले की झोन एक्स्पायर होईल. मग जुना पत्ताही मिळणार नाही, सगळ्या नावांना सर्व्हफेल (उत्तर देता येत नाही अशी चूक) येईल.

केळीबाग:
दादांच्या उत्तराला जोड. टीसीपी जुळूनही ट्रान्सफर मध्येच लटकलं तर व्हीपीएनचा (शाखांमधल्या खासगी जोडणीचा) एमटीयू, म्हणजे एका पाकिटाचा कमाल आकार, बघा; राउटरवर एमएसएस (टीसीपी पाकिटातल्या डेटाची मर्यादा) १३६० केला की बहुधा सुटतं. रिफ्रेश ८६४०० फार मोठा आहे. खोदकामात केबल तुटलेली असताना नोटिफाय हरवला, तर शाखा दिवसभर जुन्या पत्त्यावर राहील. रिफ्रेश ३६००, रिट्राय ६००, एक्स्पायर १२०९६०० ठेवा. पुढच्या वेळी आयपी बदलायच्या आदल्या दिवशी त्या रेकॉर्डचा टीटीएल (उत्तर किती सेकंद कॅशमध्ये ठेवायचं तो काळ) ३०० करा. जुना टीटीएल ८६४०० असेल तर पूर्ण २४ तास जाऊ द्या, मगच पत्ता बदला.