आर्क लागतो, पण प्लेट आरपार कापली जात नाही
दादा, ४० अँपिअरच्या प्लाझ्मा कटरवर (विजेच्या आर्कने आणि हवेच्या झोताने धातू कापणारं मशीन) ६ मिमीची प्लेट कापताना ठिणग्या वरच उडतात म्हणालात, तर आधी अर्थ क्लॅम्प, म्हणजे मशीनची वायर प्लेटला जोडणारा चिमटा, बघा. रंगावर किंवा गंजावर लावला की आर्क लागतो, पण जोर येत नाही. ग्राइंडरने जागा चकचकीत करून तिथेच पकडा.

हवेचा दाब टॉर्चमधून (हातात धरून कापायचा भाग) हवा सुटत असतानाच वाचा. माझ्याकडे बंद असताना काटा ७० पीएसआयवर असायचा, ट्रिगर दाबला की थेट ४० वर! हवेचा फिल्टर तुंबला होता.

मग टॉर्चच्या तोंडाशी असलेल्या नोझलचं भोक लांबट झालंय का पाहा. नोझलच्या आतल्या इलेक्ट्रोडच्या टोकाला दीड मिमीहून खोल खड्डा पडला असेल तर दोन्ही एकदमच बदला. आणि पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज सोडा, अगदी कळकळीने सांगतोय.