मालवाहतुकीवरची जुनी ब्रिटिश मालिका 'द ब्रदर्स'

प्रश्न: बीबीसीवर १९७२ ते १९७६ या काळात दाखवलेली, हॅमंड कुटुंबाच्या ट्रक कंपनीवरची 'द ब्रदर्स' ही मालिका वडोदऱ्यातील मराठी मंडळींपैकी, विशेषतः तेव्हा इंग्लंडमध्ये राहिलेल्यांपैकी, कोणाला आठवते का?

प्रतिसाद १: चांगलीच आठवते. वडिलांच्या मृत्युपत्राने तीन मुलांबरोबर त्यांच्या सचिव जेनिफर किंग्जली यांनाही कंपनीत समान वाटा मिळतो आणि तिथूनच सारा संघर्ष पेटतो. जीन अँडरसन यांनी रंगवलेली करारी आई मेरी हीच मला मालिकेचा कणा वाटते.

प्रतिसाद २: मला मात्र कॉलिन बेकर यांचा थंड डोक्याचा बँकर पॉल मेरोनी अधिक भावला. वडोदऱ्याजवळच्या दुमाड चौकडीवर (महामार्गावरच्या चौकात) ट्रकांच्या रांगा दिसल्या की हॅमंडांचे ते वाहनतळ हटकून आठवते.

प्रतिसाद १: मेरोनीचे पात्र प्रभावी आहे हे मान्य, पण मेरीसमोर तोही फिका पडतो.