सिमेंटचं ‘हायड्रेशन’ मराठीत कसं लिहायचं?

वणीकर: आयटीआयच्या पोरांसाठी सिमेंटवर टिपण लिहितोय. हायड्रेशनला, म्हणजे सिमेंटची पाण्याशी अभिक्रिया होऊन ते घट्ट होतं त्याला, ‘जलयोजन’ लिहिलं. अडलो ‘सॉलिड-स्टेट रिॲक्शन’पाशी. ‘घन अवस्थेतली अभिक्रिया’ लिहिलं, तर तपासणारे सर म्हणतात, बादलीभर पाणी ओतल्यावर घन कुठून आली? ती भट्टीतली गोष्ट.

गडचांदूरचा केमिस्ट: सरांचं अर्धं बरोबर. भट्टीत १४५० अंशांच्या आसपास क्लिंकर, म्हणजे दळून ज्याचं सिमेंट होतं ते खडे, तयार होतो, तिथं चुना नि सिलिका बऱ्याच अंशी घन असतानाच भिडतात. पण पाण्यातही हा प्रकार आहे. आधी कण विरघळतात, द्रावणातून कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट, म्हणजे सिमेंटला घट्टपणा देणारा पदार्थ, खाली बसतं. त्याचा थर कणाभोवती जाड झाला की पाणी मुंगीच्या पावलानं आत जातं, आणि आतला भाग न विरघळता, घन असतानाच जागच्या जागी बदलतो. हे नेमकं कसं घडतं यावर ल शातेलिए आणि मिकाएलिस या रसायनशास्त्रज्ञांपासून, म्हणजे १९ व्या शतकापासून, भांडण आहे.

कपाशीवाला: एवढं कायले? आमचा मिस्त्री म्हणते, ‘माल पकडला’. मंग स्लॅबवर आळे करून पाणी भरते, त्याले तराई म्हणते.

शुद्धमती: तराई हिंदी. ‘पाणी मारणे’ आहे की!

कपाशीवाला: पाणी मारणं म्हणजे सकाळ-संध्याकाळ पाईप फिरवणं. तराई म्हणजे बारदाना टाकून दिवसभर ओलं ठेवणं. मे महिन्यात करून पाहा ताई, फरक समजन.

वणीकर: जलयोजन ठेवू ना मग?

मोर्शीची: आमचे आजोबा ‘चुना विरवणे’ म्हणत. चुनकळीवर पाणी पडलं की टाकं रटरटायचं. सिमेंटही तापतंच. ‘सिमेंट विरलं’ का नको?

गडचांदूरचा केमिस्ट: विरलेला चुना पुढं हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कडक होतो. सिमेंट पाण्याखालीही घट्ट होतं. ‘स्लॅब वाळला’ म्हणणाऱ्यांनीही हे वाचावं.

शुद्धमती: तराईतला ‘तर’ मुळात फारसी. तरबतरमधला.

कपाशीवाला: म्हणजे हिंदी नाई ना! अन् पाईप कोण्या पोथीतला?

नवा सदस्य: घरकुलाच्या स्लॅबले किती दिवस तराई लागते जी?

गडचांदूरचा केमिस्ट: आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटला किमान ७ दिवस. राख मिसळलेलं असेल किंवा कडक ऊन असेल तर किमान १०. पोत्यावर पीपीसी, म्हणजे राखवालं सिमेंट, असं लिहिलंय का बघा.

नवा सदस्य: पोते तं भिजवून स्लॅबवरच टाकले.